पायलीला पायली

भाताचा दाणा ओल्या कागदावर ठेवला की दोन दिवस काहीच दिसत नाही. तिसऱ्या दिवशी टोकाशी टरफल उकलतं आणि त्या फटीत खसखशीएवढा पांढरा ठिपका येतो. पाचव्या दिवशी त्याचा नखाएवढा कोंब होतो. चौदाव्या दिवशी शेवटची मोजणी करायची. त्यानंतर ओल्या कागदावर जे नुसतंच फुगून पडलेलं असेल ते मेलेलं धरायचं, असा नियम आहे.

प्रतिभानं चिमट्यानं एकेक रोप उचलून बाजूला ठेवलं. शंभरात एकाहत्तर. तिनं कागद खिडकीजवळ नेला, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं. एकाहत्तरच.

बी साडेसात वर्षांचं होतं. शीतगृहातल्या सगळ्यात खालच्या फळीवर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, एकतीस कागदी पुड्या होत्या. त्यातल्या एका पुडीतलं. पुडीवर तिचंच अक्षर होतं, तेव्हाचं, जरा जास्तच नीटनेटकं: ‘गोजरबाई. शिनोलीच्या वरची वाडी. रायभोग. ९ जून १९९९.’

मंचरच्या पुढे हायवेला लागून असलेल्या कणगी सीड्स या कंपनीत ती एकोणीस वर्षं होती. आली तेव्हा प्रयोगशाळेत एकटीच. आता तांत्रिक संचालक. या एकोणीस वर्षांत तिनं किती लाख दाणे मोजले असतील याचा हिशेब तिनं कधी ठेवला नव्हता. पण हे एकाहत्तर मोजताना तिचे कान तापले होते, आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं हे बरं, असं तिला वाटलं.

पुड्यांच्या डब्यापर्यंत तिचा हात गेला तो एका बैठकीमुळे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेणभाऊंनी तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. गेणभाऊ कंपनीचे संस्थापक. मूळचे लोणीचे, घरची मोठी बागायत नसताना कांद्याचं बी पिकवून त्यातून कंपनी उभी केलेले. टेबलापाशी त्यांचा पुतण्या गोकुळ बसला होता. विक्री तो बघायचा, आणि माणसंही. फेब्रुवारीत जिल्हा परिषदेची निवडणूक होती, त्याचं तिकीट पक्कं होत आलं होतं, आणि त्याच्या गटात डोंगरातल्या वाड्या येत होत्या.

“या मॅडम,” गोकुळ म्हणाला. “पुण्याची पार्टी कंपनीत चाळीस टक्के हिस्सा घ्यायला तयार झालीय. त्यांचं एकच म्हणणं, कंपनीची मूल्यं लिहून द्या. म्हटलं, आमच्याकडं मूल्यं पोत्यानं पडल्यात, किती गोण्या पाठवू?”

गेणभाऊ हसले नाहीत. त्यांनी एक कच्ची छपाई तिच्याकडे सरकवली. पहिल्या पानावर त्यांचंच वाक्य होतं, जे प्रत्येक पाकिटावर छापलेलं असायचं: ‘जे आपल्या वावरात टाकणार नाही, ते दुसऱ्याला देणार नाही.’ दुसऱ्या पानावर एक जुना फोटो. शाळेचं पटांगण, पोत्यांची रांग, मध्ये पांढरी टोपी घातलेले गेणभाऊ, शेजारी हात जोडलेले साहेब. खाली ठळक अक्षरात: ‘पायलीला पायली.’

“एकवीस तारखेला ओझरला कार्यक्रम,” गेणभाऊ म्हणाले. “कंपनीला वीस वर्षं झाली. साहेब येतायत. पुण्याची मंडळी येणार. ही बियाण्याची गोष्ट तुमी सांगायची. तुमी बोलल्या की लोकांना खरं वाटतं.”

प्रतिभा फोटोकडे बघत राहिली. फोटोच्या कडेला, अर्धी कापलेली, हातात नमुन्याची पिशवी घेतलेली एक बाई होती. ती तीच होती.

“बघते,” ती म्हणाली.

“आन् वाडीतली एक म्हातारी आणायची सत्काराला,” गोकुळ म्हणाला. “गोजरबाई म्हणून हाये. परवा जाऊ आपण. तुमी सोबत असल्या की बायामाणसं मोकळी बोलत्यात.”

एकोणीसशे नव्याण्णवच्या मे महिन्यात कंपनीची अवस्था बरी नव्हती. सरकारी योजनेला बी पुरवणाऱ्यांच्या यादीत नाव यावं म्हणून गेणभाऊ दोन वर्षं खेटे घालत होते. आता आमदार असलेले साहेब तेव्हा नुसते इच्छुक होते, आणि डोंगरातल्या वाड्यांना सुधारित भाताचं बी मिळावं असं त्यांनी कुठल्याशा सभेत बोलून टाकलं होतं. बी कणगीनं द्यायचं, यादीचं साहेबांनी बघायचं, असं ठरलं.

फुकट द्यायला मात्र गेणभाऊ तयार नव्हते.

“फुकट घेतलं की माणूस वाकतो,” ते म्हणाले होते. “डोंगरातला माणूस वाकल्याला मला बघवत नाय. त्यांच्या घरचं बी आपण घ्यायचं, आपलं त्यांना द्यायचं. पायलीला पायली. कुणाचं कुणावर उपकार नाय.”

प्रतिभाला तेव्हा हे फार आवडलं होतं. रात्री घरी नवऱ्याला तिनं ते शब्द जसेच्या तसे सांगितले होते.

द्यायचा भात गोदामात होता. आदल्या पावसाळ्याच्या शेवटी छपराचा एक पत्रा उडाला होता, थप्पी भिजली होती, आणि मग ती पटांगणात वाळवून पुन्हा रचली होती. वरून भात सोन्यासारखा दिसायचा. प्रतिभानं चारशे दाणे कागदावर लावले. पाचव्या दिवशीच तिला कळलं. चौदाव्या दिवशी सरासरी आली चोपन्न. भाताला किमान ऐंशी टक्के उगवण लागते.

ती कागद घेऊन केबिनमध्ये गेली. गेणभाऊंनी तो वाचला, दुमडला, परत उलगडला.

“फेरचाचणी करा, ताई.”

“तिला पुन्हा चौदा दिवस लागतात, भाऊ. वाटप नऊ दिवसांवर आलंय.”

“मग सुरू तर करा.”

तिनं सुरू केली. वाटपासोबत जो दाखला जायचा होता त्यावर शेवटच्या उगवणीचा चौकोन असतो. तो तिनं रिकामा ठेवला, त्यात शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात ‘फेरचाचणी सुरू’ लिहिलं आणि खाली शाईनं सही केली. आपण खोटं काही लिहिलं नाही, याचं तिला त्या क्षणी समाधान वाटलं होतं. त्या समाधानाची तिला पुढे जेवढी लाज वाटली तेवढी दुसऱ्या कशाचीच वाटली नाही. शिसपेन्सिल का घेतली, हे तिला ठाऊक होतं. टेबलावर शाईचं पेन उघडंच पडलं होतं.

दुपारी दाखला फाइलला लावायला आला तेव्हा चौकोनात बॉलपेननं ‘८२’ लिहिलेलं होतं. अक्षर गोकुळचं होतं. प्रतिभानं फाइल बंद केली आणि कपाटात ठेवली.

एक गोष्ट तिनं तेव्हाही विचारली होती. प्रत्येक नव्या बियाण्याची पहिली मूठ गेणभाऊ लोणीला घराशेजारच्या पट्टीत स्वतः टाकायचे. ती उगवल्याशिवाय पोतं गेटबाहेर जायचं नाही, अशी कंपनीची रीतच होती. “याची मूठ टाकली का भाऊ?” असं तिनं विचारल्यावर ते हसले होते. “लोणीत भात कुठं व्हतो, ताई? उन्हाळ्यात आमच्याकडं प्यायला पाणी न्हाई.” ते खरंच होतं.

नऊ जूनला शिनोलीच्या शाळेच्या पटांगणात एकतीस घरांची माणसं आली. डोक्यावर, खांद्यावर आपापलं बी घेऊन. कुणी मडक्यात, कुणी फडक्यात, कुणी राख लावून. गोजरबाईची पाळी आली तेव्हा तिनं पायली भरून तळव्यानं सपाट केली, ओतली, अशा चार पायल्या दिल्या आणि मग उरलेल्यातली एक मूठ वर टाकली. मोजणारा म्हणाला, “झालं की, आजी.”

“मापाच्या वर मूठ दियाची असती,” गोजरबाई म्हणाली. “नुसतं मापून दिलं की बी रुसतं.”

कंपनीच्या पोत्यातून चार पायल्या मोजून तिच्या फडक्यात पडल्या. वर मूठ कुणी टाकली नाही. तसं कुणाला सुचलंच नाही.

प्रतिभानं सवयीप्रमाणे प्रत्येक घराच्या बियाण्याचा नमुना घेतला, ओंजळभर, आणि पुडीवर नाव लिहिलं. का घेते आहे ते तिनं स्वतःला विचारलं नाही. पोतं दिसलं की नमुना घ्यायचा, एवढाच हाताला सराव.

फेरचाचणीचे चौदा दिवस भरले तेव्हा वाटप होऊन पाच दिवस झाले होते. बावन्न. हा आकडा तिच्या वहीत आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

आषाढात गोदामाची पूजा झाली. कंपनीचं नाव यादीत आलं होतं, म्हणून त्या वर्षी जेवण मोठं होतं. पंगतीत वाढलेल्या भाताला असा वास होता की माणसं बोलायची थांबली. प्रतिभानं दोनदा भात घेतला. दुसऱ्यांदा घेताना तिनं आचाऱ्याला विचारलं, तांदूळ कुठला म्हणून.

“डोंगरातला, मॅडम. ते बदलीत आल्यालं बी पडून व्हतं ना, गोकुळशेटनी भरडून आणलं. लई ग्वाड हाये.”

तिनं पानावरचा भात संपवला. टाकणं बरं दिसलं नसतं.

त्या वर्षीच्या तक्रार नोंदवहीत भाताच्या त्या बियाण्यापुढे ‘निरंक’ लिहिलेलं आहे. पुढच्या वर्षीही निरंक. एकतीस घरांतून एकही माणूस आला नाही, एक चिठ्ठी नाही. प्रतिभानं त्या शब्दाचा आधार घेतला होता. निम्मं का होईना उगवलं असेल, दाट टाकलं असेल, निभलं असेल. सांगायचं तिनं अनेकदा ठरवलं होतं. आधी निवडणूक होऊ दे, मग यादीचं पक्कं होऊ दे, मग नवीन शीतगृह उभं राहू दे. ती संचालक झाली तेव्हा वाटलं, आता आपल्या शब्दाला वजन आहे, आता सांगू. मग वाटलं, वजन आहे म्हणूनच जपून.

बैठकीनंतर दोन दिवसांनी गोकुळची जीप शिनोलीच्या पुढे डांबरी सोडून वाडीच्या कच्च्या रस्त्याला लागली. गोजरबाईचं घर कारवीच्या कुडाचं, शेणानं सारवलेलं. तिनं पडवीत घोंगडी टाकली. सुनेनं कोरा चहा आणला आणि ती आत न जाता पडवीच्या कडेला, खांबाआड बसून उडीद निवडायला लागली. तिशीच्या आतली असेल. नाव भागू.

“मावशी, तुमचा सत्कार हाये ओझरला,” गोकुळ म्हणाला. “साडी, नारळ, फोटू. गाडी न्यायला येईल.”

“मत पायजे व्हय रं?” गोजरबाई म्हणाली.

“मत तर द्यालच की.”

“मग साडी नंतर दे. आदी दिली तर मी इसरून जाईन.”

गोकुळ मोठ्यानं हसला. म्हातारीही हसली, तोंडावर पदर घेऊन. मग त्यानं खिशातून कागद काढला. “ते बी कसं काय उगवलं, काय पिकलं, जरा सांगा. छापायचंय.”

गोजरबाईचं हसू थांबलं. तिनं एकदा खांबाकडे बघितलं.

“त्ये नगा छापू,” ती म्हणाली.

“का हो?”

“बी चांगलंच व्हतं. गेणभाऊचं बी. आमच्याकडनं चूक झाली.”

प्रतिभानं कप खाली ठेवला. “काय चूक झाली, गोजरबाई?”

म्हातारी हळूहळू बोलायला लागली. रोपांसाठी राब भाजला होता, दरवर्षीसारखाच. पालापाचोळा, शेण, वर माती. त्यावर बी टाकलं. आठ दिवसांत हिरवंगार व्हायला हवं, ते टकलं राहिलं, डोक्याला चाई लागल्यागत. निम्मं आलं, निम्मं नाही. लावणीला रोप पुरलं नाही. निम्मी खाचरं मोकळी राहिली. सगळ्या वाडीत तसंच.

“मग लोक काय म्हणाले?”

“ज्यानं त्यानं आपापलं बगितलं. रखमाजी म्हनला, राब जास्ती भाजला. कुशाबानं कळमजाईला बोकड दिला, घरचं बी परक्याला दिलं म्हून देवी कोपली म्हनत व्हता.” ती थांबली. “आमच्याकडं हिनं टाकलं व्हतं. नवीनच लगीन होऊन आल्याली. पैल्याच वर्सी हिच्या हातानं राब टाकला. हिच्या हाताला उगवण नाय.”

उडीद निवडणारे हात थांबले नाहीत.

“बियाण्यातच काही असेल, असं कुणाला वाटलं नाही?” प्रतिभानं विचारलं. आपला आवाज तिला लांबून ऐकू आला.

गोजरबाईनं तिच्याकडे जरा नवलानं बघितलं. “कसं वाटंल, ताई? फुकट दिलं असतं तर म्हनलो असतो, फुकटचं हाये, निघायचंच असं. त्यांनी आमचं मापून घेतलं, मंग त्यांचं दिलं. असा येव्हार करनारा मानूस वाईट बी कशाला दील?”

गोकुळनं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

प्रतिभा खांबाकडे वळली. “मग आता तू बी टाकत नाहीस?”

“न्हाई,” भागू म्हणाली. मान वर न करता. “बाकी समदं करती. रोप उपटती, लावणी करती, कापती. बी टाकायच्या दिशी म्हायेरी जाती. सावली नगं म्हून.”

“दरवर्षी?”

“सात वर्सं झाली.”

“आणि तुमचं ते घरचं रायभोग भाताचं बी?”

“आता कुनाकडंच नाय,” गोजरबाई म्हणाली. “दुकानातलं आनतो. त्याला वास नाय.”

उतरताना डिंभे धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा जीपमध्ये गोकुळ म्हणाला, “मॅडम, सत्काराच्या वेळी म्हातारीला माईक द्यायला नको. काय?”

प्रतिभानं खिडकीची काच वर केली. संध्याकाळी ती शीतगृहात गेली, खालच्या फळीवरचा डबा काढला आणि गोजरबाईच्या पुडीतले शंभर दाणे मोजून ओल्या कागदावर ठेवले.

एकाहत्तर आले त्या दिवशी तारीख वीस होती. ओझरचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा ती लोणीला गेली. गेणभाऊ घराशेजारच्या पट्टीत, विहिरीच्या कठड्यावर बसून कांद्याच्या वाफ्यात पाणी फिरताना बघत होते. तिनं कागदाची गुंडाळी कठड्यावर उलगडली. पांढऱ्या मुळांचं जाळं, वर हिरवी पाती.

“हे काय?”

“वाडीतल्या लोकांनी आपल्याला दिलेलं. सात वर्षांनी एकाहत्तर. आपण दिलेलं चोपन्न होतं. फेरचाचणीत बावन्न आलं. तो आकडा मी तुम्हाला सांगितला नाही, तुम्ही विचारला नाही.”

गेणभाऊंनी एक रोप बोटानं उचललं.

“बावन्नचा आकडा मला सांगायची गरजच नव्हती,” ते म्हणाले. “मी परातीत माती घालून टाकलं व्हतं. इथंच, पडवीत. बायकोला म्हनलं, पानी घाल रोज. निम्मं आलं. आठव्या दिवशी मी परात उकिरड्यावर पालथी केली आन् नवव्या दिवशी टोपी घालून शिनोलीला गेलो.”

साडेसात वर्षं आपण दोघं एकाच इमारतीत, एकाच गोष्टीकडे पाठ फिरवून बसलो होतो, हे प्रतिभाला आता दिसलं. आणि एकट्या त्यांच्यावर रागवायची सोयही गेली.

“त्या साली यादीत नाव आलं नसतं तर कुलूप लागलं असतं, ताई. सत्तर घरं व्हती आपल्यावर. आज दोनशे हायेत.”

“माहीत आहे.”

“पुण्यावालं उठून जातील. गोकुळचं तिकीट जाईल. साहेब तर स्टेजवरच असनार. आन् मिळनार काय कुनाला? सात वर्सं झाली, लोक इसरलं.”

“भागूला बी टाकता येईल.”

“कोन भागू?”

तिनं सांगितलं. राबाचं, माहेरी जायचं, सावलीचं. गेणभाऊ पाण्याकडे बघत राहिले. वाफा भरून पाणी शेजारच्या वाफ्यात फुटलं तरी उठले नाहीत. एरवी ते असं पाणी वाया जाऊ देत नसत.

“मी तुमाला अडवनार न्हाई,” शेवटी ते म्हणाले. “पन तुमच्या शेजारी हुभा ऱ्हाईन, असंबी समजू नका. तेवढं माज्यात न्हाई. सांगनार हाये का तुमी?”

“बघते,” प्रतिभा म्हणाली. शब्द तोंडातून गेला तेव्हा तिला कळलं की हाच शब्द ती इतकी वर्षं बोलत आली आहे.

सकाळी तिनं गोकुळला फोन करून सांगितलं की म्हातारीला आणायला मीच जाते. जीप कंपनीचीच, चालवायला बहिरू. पर्समध्ये भाषणाचे चार टाइप केलेले कागद होते. मांडीवर पत्र्याचा डबा. घोडेगाव गेलं, शिनोली गेली. वाटेत बहिरूनं दोनदा आरशात बघितलं आणि शेवटी विचारलं, “मॅडम, बिस्किटं हायेत का पोरांना?”

“नाही,” ती म्हणाली.

गोजरबाई नवीन लुगडं नेसून पडवीत तयार बसली होती. कपाळाला ठसठशीत कुंकू. शेजारपाजारची पाचसहा माणसं जमली होती. त्यात रखमाजी होता, कुशाबाही होता. भागू दाराआड उभी होती.

“चला, पावणं आलं,” रखमाजी म्हणाला. “गोजरे, येताना नारळ आमाला आन.”

प्रतिभा खाली उतरली, पण चला म्हणाली नाही. ती पडवीत बसली, डबा उघडला आणि पुड्या एकेक करून सारवलेल्या जमिनीवर मांडल्या. नावं वाचली. रखमाजी. कुशाबा. साळुबाई. गोजरबाई. प्रत्येकाचं बी. ओंजळ ओंजळभर.

“हे तुमचं,” ती म्हणाली. “तेव्हा मी नमुना म्हणून ठेवलं होतं. गोजरबाईंचं उगवून बघितलं. शंभरात एकाहत्तर येतं. बाकीच्यांचंही येईल असं वाटतं.”

कुशाबानं आपली पुडी उघडून नाकाला लावली. प्रतिभानं गोजरबाईची पुडी उचलली आणि दाराकडे, भागूच्या दिशेनं धरली. भागूनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि एक पाऊल मागे सरकली.

“तिला नगं, ताई,” गोजरबाई म्हणाली. “माज्याकडं द्या.”

“तिच्या हातात काही दोष नाही.” प्रतिभाचा हात तसाच पुढे राहिला. “आम्ही तुम्हाला दिलेलं बी अर्धं मेलेलं होतं. गोदामात भिजलं होतं. राब नीटच भाजला होता, रखमाजी. देवीचं काही नव्हतं. भागूच्या जागी मी स्वतः टाकलं असतं, तरी तेवढंच उगवलं असतं.”

बहिरूनं जीपचं इंजिन बंद केलं. लांब कुठेतरी गाईच्या गळ्यातलं लाकडी लोढणं वाजत होतं.

“तुमाला कवा कळलं ह्ये?” गोजरबाईनं विचारलं.

“तुम्ही शाळेत आलात त्याच्या आधी.”

“आमचं मापून घेतलं तवा ठावं व्हतं?”

“होय.”

“मी वर मूठ टाकली तवा?”

“तेव्हाही.”

गोजरबाईनं कपाळाचं कुंकू पुसलं नाही, आवाज चढवला नाही. तिनं फक्त नवीन लुगड्याची घडी गुडघ्यावर सारखी केली आणि मग मान फिरवून दाराकडे, सुनेकडे बघितलं. सात वर्षांत तसं बघितलं नसेल. भागूचा एक हात पदराबाहेर आला होता, पण अजून पुढे झाला नव्हता.

“मंग आता ओझरला काय म्हून न्हेता मला?” म्हातारी म्हणाली. “नारळ घ्यायला?”

प्रतिभानं पर्समधले चार कागद काढून पडवीत ठेवले.

“तुम्ही आलात तर बरं होईल, नाही आलात तरी चालेल,” ती म्हणाली. “आत्ता तुम्हाला जे सांगितलं, तेच मी आज तिथं माईकवर सांगणार आहे. साहेबांसमोर, भाऊंसमोर, माझ्या सहीसकट.”